अण्णांच्या विद्यार्थिनी

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र मराठी घरात नव्याने सांगावे लागत नाही. मुरुडचा मुलगा, परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत केलेली पायपीट, विधवेशी केलेला विवाह, हिंगण्याच्या माळावरची झोपडी, शंभराव्या वर्षी भारतरत्न. शाळेच्या पुस्तकापासून हे सगळे आपल्याला पाठ असते, आणि पाठ असते म्हणूनच त्याकडे पुन्हा पाहायचे राहून जाते. या चरित्रात एक भाग असा आहे की तो पुस्तकात दोन ओळींत उरकला जातो. हिंगण्याला शिकून बाहेर पडलेल्या बायकांचे पुढे काय झाले, आणि कर्व्यांनी त्यांचा धागा हातातून सुटू कसा दिला नाही, हा तो भाग.

मी त्याकडे वळले ते एका साध्या कामामुळे. नवीन जालन्यात, म्हणजे कुंडलिकेच्या काठच्या जुन्या कादराबादेत, मी मुलींच्या महाविद्यालयात पुष्कळ वर्षे मराठी शिकवले. निवृत्त झाल्यावर माजी विद्यार्थिनींची वही सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. ऐकायला हे काम सोपे वाटते. मुलांच्या महाविद्यालयात ते खरोखरच सोपे असते. मुलगा पुण्याला गेला काय किंवा परदेशी गेला काय, त्याचे नाव तेच राहते आणि गावातले घरही तेच. मुलीचे तसे नाही. वहीत कुमारी म्हणून नोंदलेली मुलगी लग्नानंतर आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते, आणि आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत तिचे पहिले नावसुद्धा तांदळात नवे लिहिले जाते. तीन पदरी नावातला एकही पदर शिल्लक राहत नाही. मग पत्र पाठवायचे कोणाला? वहीतल्या पत्त्यावर पाठवलेले पत्र एक तर माहेरी पडून राहते, नाहीतर टपालखात्याचा शेरा घेऊन परत येते.

आमचे जालना बियाण्यांचे गाव. बीजोत्पादन करणारी माणसे कोणत्या शेतकऱ्याच्या कोणत्या तुकड्यात कोणता वाण लावला, उगवण किती झाली, भेसळ किती निघाली, याची नोंद चोख ठेवतात. तीन-चार वर्षे ज्या मुलीला शिकवले तिची तेवढीही नोंद महाविद्यालयांकडे नसते. नॅकची समिती यायची म्हटली की सगळीकडे माजी विद्यार्थी संघाची आठवण होते, घाईघाईने मेळावा होतो, फेटे बांधले जातात, छायाचित्रे निघतात आणि समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की वही पुन्हा कपाटात जाते. त्यातही यशस्वी विद्यार्थिनी म्हणून भिंतीवर ज्यांची नावे लागतात त्या दहा-बारा. कोणी उपजिल्हाधिकारी, कोणी डॉक्टर, कोणी प्राध्यापिका. उरलेल्या शेकडो मुलींच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द असतो, गृहिणी. परतूरची एक मुलगी चार इयत्ता एका खोलीत शिकवते, भोकरदनकडची एक जण गावातल्या बायकांच्या बचतगटाचे हिशेब लिहिते, हे त्या रकान्यात मावत नाही.

या खटाटोपात मी कर्व्यांच्या चरित्राकडे परत गेले. मला एवढेच पाहायचे होते की ज्या काळात बायकांना पोस्टकार्डसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागे, त्या काळात या माणसाने आपल्या विद्यार्थिनी एकमेकींशी आणि संस्थेशी बांधून ठेवल्या त्या कशा?

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी शेरवलीला. घर दापोलीजवळच्या मुरुडला. घरची गरिबी. १८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर डोंगर उतरत-चढत शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला गेले आणि तिथे त्यांना परत पाठवण्यात आले, कारण हा लहानखुरा मुलगा सतरा वर्षांचा आहे यावर परीक्षकांचा विश्वास बसेना. पुढे मॅट्रिक व्हायला तेविसावे वर्ष उजाडले. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले. नोकरीची वर्षे मुंबईत गेली आणि त्यांतला काही भाग मुलींच्या शाळांत शिकवण्यात गेला. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्याला आले. त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. पदरी लहान मुलगा होता. हाच पुढे संततिनियमनाचे काम करणारा रघुनाथ.

इथवरच्या आयुष्यात एक सवय ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुंबईत तुटपुंज्या पगारावर असतानाच त्यांनी मुरुड फंड काढला होता. गावाबाहेर नोकरीधंद्याला गेलेल्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीतल्या दर रुपयामागे एखादा पैसा गावासाठी बाजूला टाकायचा, अशी ती कल्पना. रक्कम क्षुल्लक होती, पण गाव सोडून गेलेला माणूस दर महिन्याला गावाची आठवण काढील अशी ती व्यवस्था होती. मोठी देणगी एकदा देऊन माणूस मोकळा होतो, छोटी देणगी त्याला मोकळा होऊ देत नाही. कर्व्यांची सगळी पुढली कामे मला या पैशाच्या फंडाची वाढलेली रूपे वाटतात.

आता ज्या विवाहामुळे मुरुडने त्यांना वाळीत टाकले त्याकडे येऊ. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. गोदूबाई म्हणजे त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बालविधवा बहीण. आपण हा विवाह सुधारणेच्या इतिहासातले एक पाऊल म्हणून वाचतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी होत्या. म्हणजे कर्व्यांच्या घरात पत्नी म्हणून आली ती आधी दुसऱ्या एका संस्थेची माजी विद्यार्थिनी होती. विधवा मुली एकत्र राहून कशा शिकतात, त्यांचा दिवस कसा जातो, त्या रडतात कशासाठी आणि हसतात कशावर, हे कर्व्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. घरात सांगणारे माणूस होते. शारदासदनावर त्याच सुमारास धर्मांतराचे वादळ उठले आणि लोकांनी मुली काढून नेल्या, तेही या घराने जवळून पाहिले.

गोदूबाईंचे नाव लग्नानंतर आनंदीबाई झाले आणि सगळे त्यांना बाया म्हणू लागले. बाया कर्वे हे प्रकरण स्वतंत्रच आहे. संसार त्यांनी ओढला. नवऱ्याने आयुष्याच्या विम्याचे पैसेसुद्धा आश्रमाला देऊन टाकले तेव्हा लेकरांचे काय, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि तो मनात ठेवून त्या गप्प बसल्या नाहीत. माझे पुराण या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी तो भाग आडपडदा न ठेवता सांगून टाकला आहे. चरित्रकार इथे बहुधा अण्णांच्या त्यागाकडे वळतात. मला बायांची बाजू अगदी रास्त वाटते. घरातल्या चुलीचा हिशेब जिला जुळवायचा असतो तिला त्याग वेगळ्या भावाने पडतो. पण याच बाया पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत स्वतः दारोदार फिरल्या, हेही खरे.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. १८९९ साली पुण्यात विधवांसाठी प्रत्यक्ष वसतिगृह सुरू झाले आणि प्लेगच्या धास्तीने १९०० साली ते शहराबाहेर हिंगण्याला गेले. रावबहादूर गोखल्यांनी दिलेली जमीन, तिच्यावर उभारलेली झोपडी, आणि कॉलेजात शिकवून संध्याकाळी चिखलातून चार मैल तुडवत तिथे जाणारे कर्वे. हे चित्र सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे.

योगायोग असा, की त्याच सुमारास निजामाची हैदराबाद ते मनमाड मीटरगेज रेल्वे आमच्या जालन्यातून धावू लागली. जालन्याहून पुण्याला जायचे म्हणजे मनमाडला गाडी बदलायची आणि दौंडमार्गे पुढे. अंतर फार नव्हते, पण मधली हद्द मोठी होती. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानचा कारभार उर्दूतून चाले. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे ते फार मोठे धाडस होते, याबद्दल त्याला मान दिलाच पाहिजे. मात्र जालन्याच्या मराठी घरातल्या मुलीला उर्दू इंग्रजीइतकीच दूरची. तिच्या भाषेतले विद्यापीठ त्याआधी दोन वर्षे पुण्याजवळ सुरू झाले होते. ते कर्व्यांचे.

पण विद्यापीठाच्या आधी आश्रमातल्या एका विद्यार्थिनीबद्दल सांगायला हवे, कारण तिच्यात पुढच्या सगळ्या व्यवस्थेचे मूळ आहे. पार्वतीबाई आठवले या बायांच्या सख्ख्या बहीण. जन्म १८७० चा. विशीत वैधव्य आले, पदरी एक मुलगा. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन झालेले. वाचायला शिकल्या त्या मोठेपणी. आश्रमात त्या शिकल्या आणि तिथेच कामाला लागल्या. शिकणारी बाई शिकवणारी झाली, मग व्यवस्था पाहणारी झाली, मग निधी जमवण्यासाठी गावोगाव व्याख्याने देणारी झाली. लाल लुगड्यातली ही बाई सभेत उभी राहून बोलते, एवढेच लोकांना नवल. १९१२ साली त्यांनी केस राखायला सुरुवात केली, तेव्हा आश्रमाच्या हितचिंतकांतही चलबिचल झाली. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेसाठी पैसा मिळवण्यासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी मोलकरणीचे काम केले आणि दोन वर्षांनी परत आल्या.

आता या बाईंना आजच्या एखाद्या महाविद्यालयाच्या फलकावर कुठल्या रकान्यात बसवाल? पदवी नाही, हुद्दा नाही, मिळकत नाही. तरीही हिंगण्याच्या पहिल्या पिढीत संस्थेची ओळख बाहेर कोणी नेली असेल तर पार्वतीबाईंनी. कर्वे स्वतः बोलण्यात फार प्रभावी नव्हते, हे त्यांना ओळखणाऱ्या सर्वांनी नोंदवले आहे. हळू आवाज, साधी वाक्ये, मधूनच आकडे. त्यांचे व्याख्यान म्हणजे त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. बाहेरच्या माणसाला आश्रम पटवायचा तर आश्रमात शिकून आपल्या पायावर उभी राहिलेली एक बाई त्याच्यासमोर उभी करायची, की पुढे बोलायची गरज नसे. कोणी शिक्षिका झालेली, कोणी परिचारिका, कोणी सुईणीचे शिक्षण घेतलेली. ज्या घराने पांढऱ्या पायाची म्हणून तिला कोपऱ्यात बसवले होते त्याच घरात ती दरमहा पैसे पाठवत असे.

१९०७ साली महिला विद्यालय निघाले, विधवांबरोबर इतर मुलीही शिकू लागल्या. त्यानंतर कर्व्यांनी निष्काम कर्ममठ काढला. संस्थेसाठी आयुष्य देणाऱ्या स्त्री-पुरुषांचा हा गट. यातल्या स्त्रिया पुष्कळशा आश्रमातच वाढलेल्या. माजी विद्यार्थिनींचा मेळावा भरवण्याची त्यांना गरजच नव्हती, कारण त्यांतल्या कित्येक जणी संस्थेच्या आतच कामाला होत्या, आणि ज्या बाहेर गेल्या त्या शाळाशाळांतून पुढच्या मुली हिंगण्याला धाडीत होत्या.

१९१५ मध्ये जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली. जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली टोकियोत ते विद्यापीठ काढले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्व्यांकडे होते. त्यांनी तिथे स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. वय सत्तावन. फर्ग्युसनमधून वर्षभरापूर्वी निवृत्त झालेले. माणूस एवढ्यावर आश्रमाच्या ओसरीत आरामात बसला असता तरी कोणी नाव ठेवले नसते. १९१६ साली विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती आणि रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू. परांजपे म्हणजे कर्व्यांच्याच देखरेखीखाली शिकून मोठा झालेला त्यांचा आप्त. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या पाच.

पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ म्हणजे लोकांच्या थट्टेला ऐते साधन. त्यातून सरकारी मान्यता नव्हती. माध्यम मातृभाषा आणि इंग्रजी हा सक्तीचा एक विषय. गृहशास्त्र, आरोग्य असे विषय अभ्यासात. पदव्यांची नावेही आपली. पहिली पदवी गृहीतागमा, म्हणजे जी. ए., आणि तिच्या पुढची प्रदेयागमा, पी. ए. जिने ज्ञान घेतले ती आणि जिने ते द्यावयाचे ती. नावे सुंदर आहेत, पण जी. ए. ची पदवी घेऊन सरकारी कचेरीत गेलेल्या मुलीला बी. ए. च्या बरोबरीने कोणी बसवीत नव्हते. ही अडचण एक-दोन वर्षांची नव्हती. १९१६ पासून १९५१ पर्यंत, पस्तीस वर्षे, या विद्यापीठाला कायद्याची मान्यता नव्हती. पस्तीस वर्षे म्हणजे आजीने घेतलेली पदवी नात शाळेत जाऊ लागली तेव्हा मान्य झाली.

अशा पदवीला किंमत येते कुठून? सरकारचा शिक्का नाही, जुने नाव नाही, श्रीमंत माहेर नाही. एकच मार्ग उरतो. ती पदवी घेतलेली बाई काय करते ते लोकांना दिसले पाहिजे. म्हणून कर्व्यांच्या विद्यापीठात शिक्षकांचे आणि विद्यार्थिनींचे यश ही मिरवायची गोष्ट नव्हती, ती त्यांची पत होती. सावकाराकडे तारण ठेवावे तसे ते यश समाजासमोर ठेवून विद्यापीठ पुढचे वर्ष काढीत होते.

यातले सर्वांत बोलके उदाहरण कमलाबाई देशपांडे यांचे. केसरीचे संपादक नरसिंह चिंतामण केळकर यांच्या त्या कन्या. मुलीला कोणत्याही मान्यताप्राप्त कॉलेजात घालणे केळकरांना अवघड नव्हते. कमलाबाई मात्र कर्व्यांच्या विद्यापीठात शिकल्या, जी. ए. झाल्या आणि तिथेच शिकवू लागल्या. पुढे त्या युरोपात गेल्या आणि प्राग विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आल्या. प्राचीन भारतातल्या बालकाचे जीवन हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आणि त्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३६ साली प्रसिद्ध झाला. मुंबई सरकारच्या लेखी जिची पदवी कागदाचा तुकडा होती तिला मध्य युरोपातल्या एका जुन्या विद्यापीठाने पंडिता ठरवले. परत आल्यावर मोठ्या पगाराची जागा न शोधता त्या पुन्हा आपल्याच कॉलेजात आल्या आणि प्राचार्य झाल्या. विद्यार्थिनीचे यश आणि अध्यापिकेचे यश हे दोन रकाने कमलाबाईंच्या ठिकाणी एकच होतात.

शिक्षकवर्गात बाहेरूनही भारदस्त माणसे आली. कर्व्यांची सून इरावती कर्वे या १९३० साली बर्लिनहून मानववंशशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आल्या आणि पुढची काही वर्षे त्यांनी याच विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचे काम पाहिले. युगान्तच्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. परीक्षांची वेळापत्रके आणि प्रमाणपत्रांचे गठ्ठे सांभाळणाऱ्या इरावतीबाई डोळ्यांपुढे आणणे जरा कठीण जाते, पण पाच विद्यार्थिनींपासून सुरू झालेल्या संस्थेत अशी कामे असल्याच माणसांना करावी लागली.

विद्यापीठाच्या रचनेत कर्व्यांनी एक युक्ती केली होती आणि ती थेट मुरुड फंडाच्या घराण्यातली आहे. दरवर्षी ठरलेली छोटी वर्गणी देणाऱ्या पदवीधरांना आणि इतर हितचिंतकांना मताचा अधिकार. त्यांच्या मतांतून विद्यापीठाच्या सिनेटचे सभासद निवडले जात. म्हणजे विद्यापीठ चालवणारी मंडळी हजारो रुपये देणाऱ्या एखाद्या शेठजीने नेमलेली नव्हती, थोडे थोडे देणाऱ्या पुष्कळ माणसांनी निवडलेली होती. ज्याने पाच-दहा रुपये दिले त्याला वर्षातून एकदा तरी विद्यापीठाचा कागद हाती येई आणि त्यावर मत द्यावे लागे.

हिंगण्याच्या संस्थेने याच धर्तीवर भाऊबीज निधीची कल्पना चालवली. दिवाळीत भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, तशी एक ओवाळणी न पाहिलेल्या बहिणीच्या शिक्षणासाठी. स्वयंसेवक घरोघर जाऊन छोट्या छोट्या रकमा जमवतात. जमा किती होते यापेक्षा मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. सासरी गेलेली जुनी विद्यार्थिनी आपल्या गल्लीत ही पावतीपुस्तके फिरवते, तेव्हा शेजारणीला समजते की हिने कुठे शिक्षण घेतले. आमच्या वहीत जी नावे हरवतात ती अशा पावतीवर सापडली असती.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. एस. एन. डी. टी. ही आजची ओळख तेव्हाची. पैशाची विवंचना काही काळ मिटली. पण मोठ्या देणगीबरोबर मोठ्या अटीही आल्या. विठ्ठलदासांच्या पश्चात त्या अटींवरून विश्वस्तांशी मतभेद झाले, आणि अखेर १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईला गेले. पुण्याच्या मंडळींना ते लागले. थोड्या थोड्या वर्गणीने बांधलेली संस्था आणि एका मोठ्या दानाने उभी राहिलेली संस्था यांचा पोत वेगळा असतो. असे असले तरी पंधरा लाख मिळाले नसते तर विद्यापीठ टिकले असते का, याचे उत्तर कर्व्यांनाही नाही असेच द्यावे लागले असते.

पैशाची ओढाताण चालू असताना, एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे जगाच्या प्रवासाला निघाले. १९२९ मध्ये इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्क, बर्लिन, तिथून अमेरिका आणि जपान. टोकियोत त्यांनी ते महिला विद्यापीठ डोळ्यांनी पाहिले, ज्याच्या पुस्तिकेने त्यांना चौदा-पंधरा वर्षांपूर्वी उठवून बसवले होते. घरी येऊन वर्ष झाले नाही तोच आफ्रिकेचा दौरा. मोम्बासा, नैरोबी, झांजिबारपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत. वर्गणी मिळेल तिथे घ्यायची आणि पावती द्यायची. हा गृहस्थ देणगीदाराला विसरत नसे, आणि देणगीदाराचीही त्याला विसरण्याची टाप नव्हती.

या विद्यापीठाची आणखी एक सोय आमच्यासारख्या गावांना फार जवळची होती. घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेला बसण्याची मुभा. लग्न झालेली, लेकरे असलेली, सासूच्या नजरेखाली दुपारच्या फावल्या वेळात पुस्तक उघडणारी बाई कॉलेजच्या वर्गात कधीच बसली नाही, पण तिला परीक्षा देता येई. जालना, औरंगाबाद, परभणी या भागात १९२३ साली निघालेल्या औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजखेरीज उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच, आणि तेही उस्मानियाला जोडलेले. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ च्या ऑगस्टात. त्याआधी चार महिने, १८ एप्रिलला, मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत कर्व्यांची शताब्दी साजरी झाली होती, आणि त्या दिवशी त्यांचे चित्र असलेले टपालाचे तिकीट निघाले. हयात भारतीयाचे चित्र आपल्या तिकिटावर येण्याची ती पहिली वेळ. भारतरत्न त्याच वर्षी.

तोपर्यंत कर्व्यांच्या हातून विद्यापीठ केव्हाच सुटले होते आणि त्यांनी ते सुखाने सुटू दिले होते. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत सरकारी शाळा पोहोचली नव्हती तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापन केले आणि पुन्हा झोळी घेऊन दारोदार फिरू लागले. १९४४ साली जातिभेद मोडण्यासाठी समता संघ. या कामांत त्यांना फारसे यश आले नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. स्त्रीशिक्षणाच्या कामात त्यांच्या पाठीशी पन्नास वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. समता संघाच्या पाठीशी तशी कोणतीच पिढी नव्हती. एकटा म्हातारा माणूस किती फिरणार? बाया १९५० साली गेल्या. त्यानंतर बारा वर्षांनी, ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशेपाचव्या वर्षात, अण्णा गेले. हिंगण्याच्या माळाला आता कर्वेनगर म्हणतात आणि पुण्याच्या बसवर ते नाव लिहिलेले असते. झोपडी जपून ठेवली आहे.

कर्व्यांनी विद्यार्थिनी जोडून ठेवल्या त्या कार्यक्रमांनी नाही, हे एवढे वाचल्यावर माझ्या ध्यानात आले. त्यांनी प्रत्येकीला काहीतरी करायला दिले. एखादीला वर्ग, एखादीला पावतीपुस्तक, एखादीला मत. आम्ही मेळाव्यात तिला भाषणे ऐकायला बोलावतो आणि ती येत नाही म्हणून खंत करतो.

गेल्या वर्षापासून आमच्या वहीत तीन रकाने वाढवले आहेत. माहेरचे पूर्ण नाव, लग्नानंतरचे पूर्ण नाव, आणि तिसरा, सध्या कोणाला काय शिकवता. तिसऱ्या रकान्यावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. नोकरी नसलेल्या बाईला हा प्रश्न लागेल, असे काहींचे म्हणणे पडले. रकाना राहिला. मोबाइलवरच्या गटातून निरोप गेला आणि उत्तरे येऊ लागली. अंबडहून एकीने लिहिले की ती सासऱ्यांना वाचायला शिकवते, वय ७६, जोडाक्षरांपर्यंत आले आहेत. मंठ्याच्या एकीने शेजारच्या चार मुलींची गणिताची शिकवणी लिहिली, फी लिहिली नाही. एक उत्तर घनसावंगीकडून आले ते नुसत्या नव्या नावाने. ही कोण ते आम्हांला ओळखू येईना. माहेरच्या नावाचा रकाना तिने कोराच ठेवला होता. तिच्या वर्गातल्या दोघींना विचारले आहे, त्यांतली एक मनमाडला असते. तिचे उत्तर अजून यायचे आहे.